शक्तिवाहक पट्ट्याचा बदलता मार्ग : धानगिरणी ते पॉवर स्टिअरिंग
(सानगडी परिसराच्या विशेष संदर्भात)

सारांश :

इंजिनाची शक्ती एका कप्पीवरून दुसऱ्या कप्पीवर वाहून नेणारा पट्टा हा यंत्रयुगाच्या इतिहासातील दुर्लक्षित घटक आहे. मोटारीतील पॉवर स्टिअरिंगचा पंप काढून टाकल्यानंतर उरलेल्या भागांसाठी पट्ट्याचा मार्ग नव्याने आखावा लागतो. ही क्रिया गॅरेजमधील किरकोळ दुरुस्ती वाटत असली तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न दीडशे वर्षांपूर्वीच्या कापडगिरणीतही होता. एका शक्तिस्रोतावर अनेक यंत्रे चालत असताना त्यांपैकी एक वगळले, तर उरलेल्यांचे काय होते, हा तो प्रश्न होय. गिरणीने त्याचे उत्तर सैल कप्पीच्या रूपाने दिले होते. आधुनिक इंजिनात एकच पट्टा सर्व भागांतून फिरू लागल्यावर ते उत्तर हरवले आणि ते पुन्हा शोधण्याची जबाबदारी ग्रामीण कारागिरावर आली, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजशब्द : पट्टा, कप्पी, धानगिरणी, व्ही-पट्टा, पॉवर स्टिअरिंग, ग्रामीण कारागिरी, तंत्रज्ञानाचा इतिहास.

प्रस्तावना :

भंडारा जिल्ह्यातील साकोली तालुक्यात वसलेले सानगडी हे गाव तेथील जुन्या किल्ल्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रदेशाचा इतिहास लिहिताना किल्ले, गोंड व भोसले राजवटी, कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि त्या तलावांवर पोसलेली धानाची शेती यांचा उल्लेख हटकून केला जातो. तो योग्यही आहे. परंतु विसाव्या शतकात या प्रदेशाचे दैनंदिन जीवन ज्या साधनाने बदलले, त्या इंजिनाचा आणि इंजिनाला यंत्राशी जोडणाऱ्या पट्ट्याचा उल्लेख प्रादेशिक इतिहासात क्वचितच आढळतो. औद्योगिक इतिहास कारखान्यांचा आणि उद्योगपतींचा लिहिला गेला. यंत्र विकले गेल्यानंतर ते ज्यांनी चालते ठेवले, त्यांचा इतिहास मात्र बहुतांशी अलिखित राहिला.

धानाच्या प्रदेशात पट्ट्याच्या सर्व पिढ्या थोड्याच अंतरावर एकत्र नांदताना दिसतात. धानगिरणीतील रुंद सपाट पट्टा, ट्रॅक्टरच्या इंजिनावरील व्ही आकाराचा पट्टा आणि प्रवासी मोटारीतील अनेक खाचांचा लांब पट्टा ही एकाच साधनाची तीन रूपे आहेत. म्हणूनच सानगडीसारख्या गावाच्या परिसरातून या साधनाच्या इतिहासाकडे पाहणे उपयुक्त ठरते.

लेखाची उद्दिष्टे :

१) पट्ट्याद्वारे होणाऱ्या शक्तिवहनाच्या ऐतिहासिक टप्प्यांचा महाराष्ट्राच्या, विशेषतः विदर्भाच्या संदर्भात आढावा घेणे.
२) पॉवर स्टिअरिंगचा पंप काढल्यावर पट्ट्याच्या मार्गात करावा लागणारा बदल या इतिहासाच्या प्रकाशात समजून घेणे.
३) या बदलामागील कारागिरी ज्ञानाचे ऐतिहासिक मूल्य आणि त्यातील धोके स्पष्ट करणे.

या अभ्यासासाठी ऐतिहासिक आणि वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

१. गिरणीतील पट्टा आणि सैल कप्पी :

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या गिरणीपासून भारतातील आधुनिक सूतगिरणी उद्योगाचा आरंभ मानला जातो. विदर्भात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपूर येथे सुरू झाली. त्या काळातील कापडगिरण्यांत एका मोठ्या वाफेच्या इंजिनाची शक्ती सुती दोरखंडांनी किंवा दंतचक्रांनी निरनिराळ्या मजल्यांवर पोहोचविली जाई. प्रत्येक मजल्यावर छताजवळ एक लांब शाफ्ट फिरत असे. त्या शाफ्टवरील कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे खाली उतरत आणि एकेका मागाला किंवा चात्यांच्या यंत्राला गती देत. गिरणीत काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर अशा रीतीने पट्ट्यांचे एक जंगलच फिरत असे.

या व्यवस्थेत एक मूलभूत अडचण होती. एका मागाचा धागा तुटला म्हणून मुख्य इंजिन थांबविता येत नव्हते. यावर योजलेला उपाय अत्यंत साधा होता. यंत्राच्या दांड्यावर शेजारी शेजारी दोन कप्प्या बसविल्या जात. त्यांपैकी एक दांड्याला घट्ट जोडलेली असे आणि दुसरी दांड्यावर मोकळी फिरत असे. कामगार एका दांडीच्या साह्याने पट्टा घट्ट कप्पीवरून सैल कप्पीवर सरकवी. पट्टा फिरतच राही. परंतु यंत्र थांबे. उरलेल्या यंत्रांना या घटनेची जाणीवही होत नसे, कारण प्रत्येक यंत्राची शाखा स्वतंत्र होती.

सैल कप्पीचे महत्त्व कायद्यानेही मान्य केले होते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २४ मध्ये घट्ट व सैल कप्प्यांवर पट्टा सरकविण्यासाठी योग्य साधन असावे आणि वापरात नसलेला पट्टा फिरत्या शाफ्टवर टेकू देऊ नये, अशी स्पष्ट तरतूद होती. पट्टा यंत्रापासून दूर करणे म्हणजे तो कोठेतरी लोंबकळत ठेवणे नव्हे, त्याला निश्चित आणि सुरक्षित जागा दिली पाहिजे, हे तत्त्व या तरतुदीत दिसते. पुढे मोटारीच्या इंजिनात नेमका हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला.

२. धानाच्या प्रदेशात पट्ट्याचे आगमन :

धान कांडण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या उखळ-मुसळावर होत असे आणि त्याचा भार प्रामुख्याने स्त्रियांवर होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एंगेलबर्ग यांच्या नावाने ओळखला जाणारा पोलादी हलर जगभरच्या तांदूळ उत्पादक प्रदेशांत पसरू लागला. लोखंडी कवचात फिरणारा खाचांचा दंडगोल धानाचे टरफल काढी आणि त्याच फेऱ्यात तांदूळ पांढराही करी. या यंत्राला फिरती शक्ती लागे आणि विजेचे जाळे पोहोचण्यापूर्वी ती शक्ती ऑईल इंजिनाने पुरविली.

या इंजिनांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीची स्थापना केली. धनजीशहा कूपर यांच्या सातारा येथील कारखान्याने देशी डिझेल इंजिनाच्या निर्मितीत अग्रक्रम मिळविला. १९४६ मध्ये पुणे येथे किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. इंग्लंडमधील लिस्टर इंजिनाच्या धर्तीवरील संथ गतीची इंजिने गुजरातेतील राजकोट येथेही मोठ्या संख्येने तयार होऊ लागली. सहा अश्वशक्तीचे मूळ लिस्टर इंजिन मिनिटाला ६५० फेरे घेत असे. यंत्राला याहून अधिक वेग हवा असल्यास इंजिनावर मोठी आणि यंत्रावर लहान कप्पी बसविली की काम भागत असे. इंजिनावर बारा इंचांची आणि यंत्रावर सहा इंचांची कप्पी असेल तर ६५० चे १३०० फेरे होतात. हा गुणाकार गिरणीचालकाला पुस्तकातून नव्हे तर हाताखालच्या अनुभवातून अवगत झाला.

सपाट पट्ट्याने धानाच्या प्रदेशाला आणखी एक धडा दिला. पट्ट्याला पीळ देऊन आठाच्या आकड्याप्रमाणे चढविला, तर यंत्र उलट्या दिशेने फिरते. सरळ चढविला तर दोन्ही कप्प्या एकाच दिशेने फिरतात. पीळ दिलेला पट्टा कप्पीला अधिक वेढतो, त्यामुळे तो कमी घसरतो. मात्र मध्यभागी स्वतःवर घासून लवकर झिजतो. अर्थात दिशा, वेढा आणि झीज या तीन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या आहेत. पट्ट्याचा मार्ग बदलताना आजही याच तीन गोष्टींचा मेळ घालावा लागतो.

या लाभाची किंमतही मोजावी लागली. उघड्या पट्ट्यात धोतर, पदर किंवा हात अडकून अपघात होत. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या लहान गिरण्या १९४८ च्या कायद्यातील कारखान्याच्या मूळ व्याख्येत सामान्यतः बसत नव्हत्या. खेड्यातील गिरणीत त्यामुळे पट्ट्याभोवती जाळी असणे हे मालकाच्या विवेकावर अवलंबून राहिले. मळणीयंत्रांवरील गंभीर अपघातांच्या पार्श्वभूमीवर संसदेने १९८३ मध्ये धोकादायक यंत्रे विनियमन अधिनियम संमत केला, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

३. घर्षणाचे गणित आणि व्ही-पट्टा :

पट्टा शक्ती वाहून नेतो तो घर्षणाच्या बळावर. या विषयाचे मूलभूत गणित अठराव्या शतकात लिओनार्ड ऑयलर याने मांडले. पट्ट्याच्या ताणलेल्या बाजूचा ताण आणि सैल बाजूचा ताण यांचे कमाल गुणोत्तर दोन गोष्टींवर ठरते. एक म्हणजे घर्षण गुणांक आणि दुसरी म्हणजे पट्ट्याने कप्पीला घातलेल्या वेढ्याचा कोन. कप्पीचा आकार या सूत्रात येत नाही.

एक उदाहरण घेता येईल. घर्षण गुणांक ०.३ मानला आणि पट्टा कप्पीला १८० अंशांत वेढत असेल, तर हे गुणोत्तर सुमारे २.५७ येते. वेढा १२० अंशांपर्यंत कमी झाला तर ते सुमारे १.८७ वर उतरते. ताणलेल्या बाजूचा ताण तोच ठेवला तर पट्टा वाहून नेऊ शकेल असे बळ जवळपास चतुर्थांशाने घटते. याचा व्यावहारिक अर्थ असा की पट्टा तोच, कप्पी तीच आणि ताणही तोच असला तरी केवळ मार्ग बदलल्याने तो घसरू शकतो. पॉवर स्टिअरिंगचा पंप काढल्यानंतर उद्भवणाऱ्या अनेक तक्रारींचे मूळ या साध्या गणितात आहे.

घर्षण वाढविण्याचा दुसरा मार्ग म्हणजे पट्ट्याचा आकार बदलणे. १९१७ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथील जॉन गेट्स यांनी मोटारींसाठी व्ही आकाराचा रबरी पट्टा विकसित केला. हा पट्टा कप्पीच्या खाचेत पाचरीसारखा रुतून बसतो. खाचेचा कोन ३६ अंश असेल तर परिणामी घर्षण सपाट पट्ट्याच्या सुमारे तिप्पट होते. त्यामुळे अरुंद पट्टा, लहान कप्पी आणि कमी अंतर यांतूनही पुरेशी शक्ती वाहून नेता येऊ लागली. मोटारीच्या बोनेटखालील अपुऱ्या जागेत पट्टा सामावला तो या शोधामुळेच.

विदर्भाच्या दृष्टीने यातील एक दुवा महत्त्वाचा आहे. नागपूर येथे १९८१ मध्ये स्थापन झालेली पिक्स ट्रान्समिशन्स ही कंपनी हिंगणा औद्योगिक वसाहतीत पट्टे तयार करते. त्याच दशकात भंडारा-साकोली मार्गावरील गडेगाव येथे अशोक लेलँडचा कारखाना सुरू झाला. कापडगिरणीच्या पट्ट्यांनी ज्या नागपूरने यंत्रयुगात प्रवेश केला, तेथेच शतकानंतर पट्ट्यांची निर्मिती होऊ लागली आणि धानाच्या प्रदेशाच्या उंबरठ्यावर अवजड वाहनांचा उद्योग आला.

४. मोटारीच्या इंजिनातील पट्टा : शाखेकडून मालिकेकडे :

स्वातंत्र्योत्तर काळात ग्रामीण महाराष्ट्राच्या परिचयाचे पहिले मजबूत वाहन म्हणजे जीप होय. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. या जीपच्या इंजिनासमोर एकच व्ही-पट्टा त्रिकोणी मार्गाने फिरत असे. क्रँकशाफ्टची कप्पी, पंखा व वॉटर पंपाची कप्पी आणि डायनमोची कप्पी हे त्या त्रिकोणाचे तीन बिंदू होत. डायनमो किंचित बाहेर सरकवून पट्टा ताणता येई. त्याला सर्वत्र 'फॅन बेल्ट' हे नाव पडले आणि पंखा विजेवर फिरू लागल्यानंतरही ते टिकून राहिले.

पॉवर स्टिअरिंगचा इतिहास याला समांतर चालतो. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये पियर्स-ॲरो मोटारीवर तेलाच्या दाबाने चालणाऱ्या स्टिअरिंगचे यशस्वी प्रात्यक्षिक दाखविले. खर्चाच्या कारणास्तव मोटार उद्योगाने ते लगेच स्वीकारले नाही. दुसऱ्या महायुद्धात अवजड लष्करी वाहनांसाठी त्याचा उपयोग झाला आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीने ते प्रवासी मोटारीत विक्रीस आणले. तेलावर दाब निर्माण करणारा पंप इंजिनाच्या पट्ट्यावर फिरू लागला. भारतात मारुती ८०० आणि अँबॅसॅडर यांसारख्या मोटारींवर पिढ्या वाढल्या, त्यांना हातानेच चाक वळविण्याची सवय होती. १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर नवी वाहने आली तसे पॉवर स्टिअरिंग सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचले.

आरंभीच्या अनेक इंजिनांत पंपासाठी स्वतंत्र व्ही-पट्टा असे. ही रचना गिरणीतील शाखापद्धतीसारखी होती. पंप निकामी झाला तर त्याचा पट्टा काढून टाकता येई आणि वॉटर पंप, डायनमो किंवा अल्टरनेटर यांना धक्का लागत नसे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस हे चित्र बदलले. अनेक उभ्या खाचांचा लांब, लवचीक पट्टा वापरात आला. तो सापाप्रमाणे वळणे घेत अल्टरनेटर, वॉटर पंप, वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर आणि पॉवर स्टिअरिंगचा पंप या सर्वांना एकाच फेऱ्यात गती देतो. स्प्रिंगवर बसविलेला टेन्शनर त्याचा ताण आपोआप राखतो. जागा वाचली, पट्ट्यांची संख्या घटली आणि देखभालही सोपी झाली.

या सोयीबरोबर एक स्वातंत्र्य मात्र गेले. शाखांच्या जागी मालिका आली. मालिकेत प्रत्येक कप्पी केवळ स्वतःचे यंत्र फिरवीत नाही, ती पट्ट्याला वळण देऊन शेजारच्या कप्पीवरील वेढाही ठरविते. म्हणजेच पॉवर स्टिअरिंगच्या पंपाची कप्पी ही एकाच वेळी पंपाची सेवक आणि पट्ट्याची मार्गदर्शक असते. पंप काढला की तिचे दुसरे काम रिकामे पडते. ते कोणी करावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

५. पंप काढल्यानंतरचा मार्ग :

पंप काढण्याची वेळ अनेक कारणांनी येते. पंपाचे सील गळू लागते, बेअरिंग आवाज करते किंवा जुन्या वाहनासाठी सुटा भाग मिळत नाही. पावसाळ्यापूर्वी धान, बियाणे आणि माणसे वाहून नेणारी गाडी पंपाअभावी उभी राहणे मालकाला परवडत नाही. अशा वेळी पुढील पर्याय संभवतात.

पहिला पर्याय म्हणजे पंप काढून आखूड पट्टा चढविणे. कप्प्यांवरून सुतळी फिरवून नव्या मार्गाची लांबी मोजता येते. हा उपाय स्वस्त आहे. परंतु पट्टा सरळ रेषेने पुढच्या कप्पीकडे जाऊ लागल्याने अल्टरनेटरच्या लहान कप्पीवरील वेढा कमी होण्याची शक्यता असते. परिणामी दिवे लावल्यावर किंवा बॅटरी उतरलेली असताना भार वाढला की पट्टा किंचाळतो, चकाकतो आणि अखेरीस घसरतो.

दुसरा पर्याय म्हणजे पंपाच्या जागी केवळ मोकळी फिरणारी कप्पी बसविणे. तिला आयडलर म्हणतात. पट्ट्याची लांबी, वेढा आणि दिशा हे सर्व पूर्ववत राहते. गिरणीतील सैल कप्पीचेच हे नवे रूप होय. पट्टा फिरत राहतो, यंत्र मात्र वगळले जाते. फरक इतकाच की गिरणीत सैल कप्पी यंत्राबरोबर येत असे, येथे ती कारागिराला स्वतः घडवावी किंवा शोधावी लागते. तिचा आधार इतर कप्प्यांच्या पातळीत नेमका नसेल तर पट्टा एका कडेने फाटत जातो.

तिसरा पर्याय म्हणजे पंपाच्या आतील पाती काढून त्याचे कवच केवळ कप्पीचा आधार म्हणून ठेवणे. पंप तसाच तेलाविना फिरू देणे मात्र चुकीचे आहे. कोरडा पंप तापतो, अडकतो आणि एकाच पट्ट्याच्या रचनेत आपल्याबरोबर वॉटर पंप व अल्टरनेटर यांनाही थांबवितो.

कोणताही पर्याय निवडला तरी दिशेचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे ठरते. खाचांच्या पट्ट्याची खाचांची बाजू ज्या कप्प्यांना लागते त्या क्रँकशाफ्टच्या दिशेने फिरतात आणि गुळगुळीत पाठ ज्यांना लागते त्या उलट फिरतात. अनेक इंजिनांत वॉटर पंप या पाठीवर चालतो. मार्ग बदलताना तो खाचांच्या बाजूला आला तर पंप उलटा फिरतो. तो फिरताना दिसतो, म्हणून दोष लक्षात येत नाही. परंतु पाण्याचा प्रवाह मंदावतो आणि इंजिन तापते. अल्टरनेटरच्या बाबतीतही असेच घडू शकते. उलट्या दिशेने तो वीज निर्माण करील. पण त्याच्या पंख्याची पाती दिशेनुसार वळविलेली असल्यास त्याला पुरेशी हवा मिळणार नाही. धानगिरणीत पट्ट्याला चुकीचा पीळ पडला तर हलर उलटा फिरून चूक तत्क्षणी उघड होत असे. बोनेटखाली ती चूक काही मैलांनंतर वाफेच्या रूपाने उघड होते.

तणाव राखण्याचे पथ्यही तितकेच आवश्यक आहे. व्ही-पट्ट्यासाठी दोन कप्प्यांमधील मोकळ्या लांबीच्या सुमारे एक-चतुःषष्ट्यांश इतकाच पट्टा योग्य दाबाखाली दबावा, असा अभियांत्रिकी संकेत आहे. पट्टा सैल राहिला तर घसरतो आणि फाजील ताणला तर वॉटर पंप व अल्टरनेटर यांची बेअरिंग खाऊन टाकतो. स्वयंचलित टेन्शनर असल्यास तो त्याच्या दोन मर्यादांच्या मध्ये राहिला पाहिजे, अन्यथा त्याचे असणे निरर्थक होय.

६. चालकाच्या हातातील भार :

पट्ट्याचा मार्ग बिनचूक आखला तरी प्रश्न संपत नाही. पॉवर स्टिअरिंगसाठी घडविलेल्या यंत्रणेत चाकाचे फेरे तुलनेने कमी ठेवलेले असतात, कारण उरलेले बळ तेल पुरविणार हे गृहीत असते. तेलाची मदत गेली की तीच यंत्रणा मूळच्या हाताने वळविण्याच्या यंत्रणेपेक्षाही जड लागते. आत अडकलेले तेल स्वतः विरोध करते. गाडी वेगात असताना हा भार जाणवत नाही; परंतु अरुंद बांधावरून वळताना, चिखलात किंवा बाजारातील गर्दीत संथ गतीने गाडी हाकताना तो एकदम जाणवतो. इंजिनाची अडचण अशा रीतीने चालकाच्या खांद्यावर येते.

कायद्याची बाजूही दुर्लक्षिता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळात निश्चित केलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा फेरफार करण्यास मनाई आहे. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र यांच्या प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर धावणाऱ्या वाहनातील स्टिअरिंग यंत्रणेत कायमचा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाचे मत घेणे इष्ट ठरते. तात्पुरती अडचण भागविण्यासाठी केलेला मार्गबदल आणि कायमची पुनर्रचना यांतील सीमारेषा गॅरेजमध्ये सहज पुसली जाते, हे येथे नमूद केले पाहिजे.

७. पट्ट्याचा अस्त आणि इतिहासाची पुनरावृत्ती :

गिरणीतील पट्ट्यांचे जंगल विजेने नाहीसे केले. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोली येथील जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. आरंभी एक मोठी मोटर जुनाच शाफ्ट फिरवीत असे. कालांतराने प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली, शाफ्ट खाली उतरले आणि सैल कप्पीची गरज उरली नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यानंतर ग्रामीण विद्युतीकरणाने हीच प्रक्रिया हळूहळू खेड्यांतील गिरण्यांपर्यंत नेली. धानगिरणीतही मोटर आली. मात्र मोटर आणि हलर यांच्यामध्ये पट्टा बहुधा टिकून राहिला.

मोटारीच्या बाबतीत तेच घडत आहे. १९८८ मध्ये सुझुकी कंपनीने जपानमध्ये सेर्व्हो या मोटारीत विजेच्या मोटरने चालणारे स्टिअरिंग बसविले. तेलाचा पंप गाडी सरळ जात असतानाही इंजिनाची शक्ती घेत राहतो. विजेची मोटर केवळ चाक वळविताना शक्ती घेते. इंधनबचतीच्या या कारणामुळे लहान मोटारींत ही रचना सर्वत्र रूढ झाली. उत्पादकानेच आता पॉवर स्टिअरिंगचा पंप काढून टाकला आहे आणि पट्ट्याचा मार्ग आपल्या रेखनकक्षात नव्याने आखला आहे. गॅरेजमधील कारागीर जे नाइलाजाने करीत होता, ते उद्योगाने नियोजनपूर्वक केले, एवढाच यातील भेद. बॅटरीवर चालणाऱ्या वाहनात तर फिरता क्रँकशाफ्टच नसल्याने इंजिनावरील पट्ट्याचा प्रश्नच निकालात निघतो.

या बदलाचा दुसरा अर्थ असा की पट्टा वाचणारी पिढी मागे पडणार आहे. आवाजावरून ताण, कडेवरून कप्पीची पातळी आणि चकाकीवरून घसरण ओळखण्याचे ज्ञान उमेदवारीतून हस्तांतरित झाले. १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजनेखाली औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी मेकॅनिक घडविले, त्यांचे कार्य मोलाचे आहे. तरीही जुन्या वाहनाला नव्या मार्गाने चालते करण्याचे ज्ञान अभ्यासक्रमात क्वचितच येते, कारण अभ्यासक्रम उत्पादकाचा मार्ग शिकवितो आणि कारागीर उत्पादकाने न आखलेल्या मार्गावर काम करतो.

निष्कर्ष :

१) पट्ट्याच्या इतिहासात शाखापद्धती, मालिकापद्धती आणि स्वतंत्र विद्युत मोटर असे तीन टप्पे दिसतात. कापडगिरणी आणि मोटार या दोन्ही क्षेत्रांत शेवटचा टप्पा पट्ट्याच्या विसर्जनाचा आहे.

२) पॉवर स्टिअरिंगचा पंप काढणे हे एक भाग वजा करण्याचे काम नाही. मालिकेत त्या भागाने ठरविलेला वेढा, दिशा आणि ताण यांची नव्याने मांडणी करणे असे त्याचे स्वरूप आहे. यासाठी आयडलर बसविणे हा ऐतिहासिक आणि तांत्रिक अशा दोन्ही दृष्टींनी अधिक समर्थनीय पर्याय ठरतो, कारण त्यात गिरणीच्या सैल कप्पीचे तत्त्व जपले जाते.

३) या बदलातून वाचलेल्या खर्चाचा काही भाग चालकाचे श्रम आणि रस्त्यावरील सुरक्षितता यांच्या रूपाने फेडावा लागतो. म्हणून कारागिराच्या कौशल्याचा गौरव करताना त्याच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत.

४) धानगिरण्या, जुने ट्रॅक्टर आणि लहान गॅरेज यांत साठलेले हे ज्ञान मौखिक आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पांत किल्ले आणि तलाव यांच्याबरोबर गिरणी व गॅरेज यांचाही समावेश करावा. सपाट पट्टा हाताळलेले गिरणीचालक आता वृद्ध झाले आहेत. सानगडीच्या किल्ल्याचे दगड आणखी काही पिढ्यांना पाहता येतील. पट्ट्याच्या आवाजावरून त्याचा ताण ओळखणाऱ्या माणसाची साक्ष मात्र त्याच्या हयातीतच नोंदवावी लागेल.